काळाच्या नोंदी आणि डेटाबेसची निवड

विजेचा स्मार्ट मीटर दर 15 मिनिटांनी वापराची एक नोंद करत असेल, तर दिवसाला 96 नोंदी होतात आणि अशा एक लाख मीटरांच्या नोंदी वर्षभरात 350 कोटींवर जातात. वेळेच्या खुणेसह क्रमाने घेतलेल्या अशा मोजमापांना कालश्रेणी म्हणतात. त्यात जुनी नोंद क्वचितच बदलते, नवी नोंद अखंड जोडली जाते आणि माहिती बहुधा एखाद्या कालखंडाची मागितली जाते. सर्वसाधारण डेटाबेसमध्ये मात्र नोंद शोधण्यासाठी ठेवलेली सूची, म्हणजे इंडेक्स, मेमरीत मावेनाशी झाली की लेखनाचा वेग घसरू लागतो.

कालश्रेणीसाठी खास घडवलेल्या डेटाबेसचे खरे बळ संक्षेपात आहे. फेसबुकच्या अभियंत्यांनी 2015 साली ‘गोरिला’ या प्रणालीवर लिहिलेल्या शोधनिबंधात दाखवले, की नोंदींमधील अंतर समान असेल तर पूर्ण वेळ पुन्हा न लिहिता ‘अंतर बदलले नाही’ एवढेच एका बिटात नोंदवता येते, आणि मूल्यातही केवळ बदललेले बिट साठवले तर 16 बाइटांची नोंद सरासरी 1.37 बाइटांत बसते.

तरीही निवड केवळ वेगाच्या किंवा जागेच्या आकड्यांवरून करणे धोक्याचे ठरते. साउंडक्लाउड कंपनीत 2012 साली सुरू झालेली प्रोमिथियस ही प्रणाली सर्व्हरवर देखरेख ठेवण्यासाठी उत्तम आहे; परंतु ती मुळात 15 दिवसांच्याच नोंदी राखते (ही मुदत वाढवता येते), आणि बिलासारख्या पूर्ण अचूकतेच्या कामासाठी ती योग्य नाही, असे तिच्याच दस्तऐवजांत सांगितलेले आहे. शिवाय तिच्यात लेबलांच्या, म्हणजे नोंदीला जोडलेल्या ओळखचिन्हांच्या, प्रत्येक वेगळ्या जुळणीची स्वतंत्र श्रेणी तयार होत असल्याने ग्राहक क्रमांकासारखे लेबल लावताच श्रेणींची संख्या आणि मेमरीची गरज झपाट्याने फुगते. वीजबिलासाठी म्हणूनच पोस्टग्रेस या जुन्या, भरवशाच्या डेटाबेसला जोडून चालणारा टाइमस्केलडीबी अधिक सयुक्तिक वाटतो, कारण तो तक्त्याचे कालखंडानुसार तुकडे पाडतो, आणि ग्राहक व दरपत्रक यांचे तक्ते त्याच एसक्यूएल भाषेत मीटरच्या नोंदींशी जोडता येतात.

जुन्या नोंदी किती काळ आणि कोणत्या रूपात ठेवायच्या, हेही आधीच ठरवावे लागते. तासाची सरासरी काढून मूळ नोंदी पुसल्या, तर त्या तासातील 15 मिनिटांचा कमाल भार पुन्हा कधीच कळत नाही. म्हणून सरासरीबरोबर कमाल आणि किमान मूल्येही जपावीत, आणि संपर्क तुटलेल्या मीटरकडून उशिरा आलेल्या नोंदी त्या हिशेबात मिसळतात की नाही, हे खरेदीपूर्वीच तपासून घ्यावे.