शिरपूरचे वेळापत्रक

अल्पसंख्याकांना कायद्याचे संरक्षण हवे असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढचे चित्र ठरलेले असते. एकीकडे मोठा समाज, दुसरीकडे लहान, आणि दोघांच्या मध्ये कायदा उभा. पण दोन्ही बाजूंना लहानच समाज असले तर? याचे उत्तर हवे असेल, तर वाचकहो, आमच्या वऱ्हाडात या. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन नावाचे गाव आहे.

इथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. आख्यायिका सांगते, की राजा मूर्ती घेऊन निघाला होता, शंका येऊन त्याने मागे वळून पाहिले, आणि मूर्ती जागच्या जागी थांबली. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ तिला आपली मानतात. दिगंबरांना मूर्ती निरलंकार हवी. श्वेतांबर तिला लेप करणार, कटिसूत्र आणि कच्छोटा दाखवणार. देव एकच, पण पूजेच्या रीती दोन!

मी जैन नाही आणि वकीलही नाही. तरी या भांडणाने मला नेहमी विचारात पाडले, कारण त्याची सुरुवात शहाणपणाने झाली होती. १९०५ साली दोन्ही पंथांच्या मंडळींनी एकत्र बसून वेळापत्रक ठरवले. अमुक वेळ तुमची, अमुक आमची. ना सरकारने सांगितले, ना कोर्टाने.

पण पुढे बिनसले. १९१० साली श्वेतांबरांनी अकोल्याच्या कोर्टात दावा लावला. तिथून तो नागपूरला गेला, आणि नागपूरहून थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे! १९२९ साली निकाल लागला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहावे. दिगंबरांनी मात्र आपल्या पद्धतीने पूजा करावी, ती १९०५ च्या वेळापत्रकाप्रमाणे. एकोणीस वर्षे भांडून, समुद्रापार जाऊनही, पूजेच्या वेळा शेवटी शिरपुरात ठरल्या होत्या त्याच राहिल्या.

तेवढ्याने तरी भागावे? नाही भागले. १९८१ साली मंदिराला कुलूप लागले. त्या काळात मी एकदा शिरपूरला गेलो होतो. लहानशा झरोक्याला डोळा लावून लोक दर्शन घेत होते. माझ्यापुढच्या म्हातारीने पदर सावरला, वाकून पाहिले आणि मुकाट्याने बाजूला झाली. ती कोणत्या पंथाची, हे तिच्या हात जोडण्यावरून मला काही ओळखता आले नाही.

आता कायद्यांची उणीव होती म्हणावे, तर तसेही नाही. राज्यघटनेचे २६ वे कलम प्रत्येक धर्मपंथाला, इतकेच नव्हे तर त्याच्या उपपंथालाही, आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क देते. १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याने एका पंथाचे स्थान त्याच धर्मातल्या दुसऱ्या पंथाचे करून टाकण्यालाही मनाई केली. २०१४ साली केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ही मान्यता दोघांना सारखीच मिळाली, म्हणून दोघांच्या भांडणात ती कोणाच्याच कामी येईना!

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि मार्चमध्ये, तब्बल ४२ वर्षांनी, दार उघडले. त्याच महिन्यात पुन्हा वाद पेटला आणि पोलिसांना धाव घ्यावी लागली.

यावरून कोणी म्हणेल, कायदा फुकट. मला तसे वाटत नाही. कायदा नसता, तर ज्याचे हात अधिक त्याची मूर्ती झाली असती. कायद्याने दोघांचाही हक्क जिवंत ठेवला, हे थोडे नव्हे. परंतु कोर्ट कुलूप काढू शकते, पहारा बसवू शकते. आपली वेळ संपली की शेजाऱ्यासाठी आपणहून बाजूला होण्याची वृत्ती ते कुठून आणणार? ती १९०५ साली शिरपूरकरांपाशी होती. ज्या गावात दोन समाज एक विहीर, एक रस्ता किंवा एक देव वाटून घेतात, तिथे कोर्टाची पायरी चढण्याआधी असा एक कागद दोघांनी मिळून लिहावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लिहिल्यावर तो पाळावा.