ओल्या धाग्याची साक्ष

१९६५ सालची दिवाळी. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत वहिनींनी आईची नवी रेयॉनची साडी धुऊन पिळली आणि पदरापाशी टर्रकन् चीर गेली. वहिनी तेव्हा नव्या नवरी. आईने त्यांच्यावर 'धसमुसळी' असा शिक्का मारला, तो आईच्या अखेरपर्यंत काही पुसला गेला नाही.

रेयॉन आमच्या भागाला परका नव्हता. कल्याणच्या पुढे शहाडला आणि मोहन्याला त्याचे कारखाने होते. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचा हा धागा. त्यात पाणी शिरले की सेल्युलोजच्या लांब साखळ्यांची आपसातली पकड सैल होते. धागा फुगतो आणि त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते!

म्हणजे गुन्हेगार पाणी. पण ओला धागा जवळून पाहायचा कसा? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वस्तू हजारो पटींनी मोठी दाखवतो खरा. पण त्याच्या पोटात निर्वात पोकळी. तिथे पाणी क्षणात उडून जाते आणि दिसतो तो कोरडा धागा. आरोपीला पळवून लावून पंचनामा करण्यासारखेच हे!

यावर ऑस्ट्रेलियात डॅनिलाटॉस आणि रॉबिन्सन यांनी मार्ग काढला व १९७९ साली त्याची तत्त्वे मांडली. इलेक्ट्रॉनांचा झोत बारीक छिद्रांतून खाली उतरतो. छिद्रांच्या वर निर्वात, खाली पाण्याची विरळ वाफ. नमुना ५ अंशांपर्यंत थंड केला, की पाऱ्याचे सुमारे ६.५ मिलिमीटर एवढ्या दाबालाही पाणी पाणीच राहते. बाहेरच्या हवेचा दाब ७६०! शिवाय धाग्यावर साठणारा विद्युत्भार ही वाफच निवारते. त्यामुळे सोन्याचा मुलामाही द्यावा लागत नाही.

वहिनींची नात पवईला अशाच लांब साखळ्यांच्या पदार्थांवर, म्हणजे बहुवारिकांवर, संशोधन करते. तिने मला पडद्यावर रेयॉनचा धागा दाखवला. वाफ वाढली, थेंब धरले, आणि पाहता पाहता धागा फुगला.

त्याचे छायाचित्र घेऊन आम्ही ठाण्याला वहिनींकडे गेलो. ऐंशीच्या घरातल्या वहिनींनी चष्मा पुसून ते निरखले, सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी साडीचे दुसरे टोक तुम्ही धरले होते ना?"

होय, वाचकहो, मीच धरले होते. जोरही मीच लावला होता. आणि आईसमोर मी अवाक्षर काढले नव्हते.