वाट कोणाची? : इंदूरचे बलाई, मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या माळव्याचं लक्ष गौतमपुऱ्याकडे लागतं. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं, इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यातलं हे गाव. गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीचा ‘कलंगी’ असे दोन संघ त्या संध्याकाळी समोरासमोर उभे राहतात आणि बंदुकीची दारू भरलेली हिंगोटाची पेटती फळं एकमेकांवर फेकतात. हे हिंगोट युद्ध आता वृत्तवाहिन्यांनी देशभर पोचवलं आहे. याच जिल्ह्यात शंभरेक वर्षांपूर्वी झालेला दुसरा संघर्ष मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. तो होता अंगावरच्या कपड्यांसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी आणि स्वतःच्या शेतापर्यंत जाणाऱ्या वाटेसाठी.

४ जानेवारी १९२८च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची बातमी आली होती. होळकरांच्या राज्यातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी सुमारे पंधरा गावांतल्या कलोता, राजपूत आणि ब्राह्मण मंडळींनी, त्यांत गावचे पाटील-पटवारीही आले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बलाई समाजाला गावात राहण्याच्या अटी घातल्या. बलाईंनी जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत. रंगीत काठाची धोतरं नेसायची नाहीत. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या घरी मयत झालं, तर नातेवाईक कितीही लांब असोत, बलाईनं जाऊन वर्दी द्यायची. लग्नाच्या वरातीपुढे वाजवायचं. बाळंतपणाला बलाई बायकांनी हजर राहायचं. या कामांचा मोबदला मागायचा नाही, दिलं जाईल ते घ्यायचं. हे मान्य नसेल त्यानं गाव सोडायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही यादी अनोळखी वाटू नये. मर्तिकाची वर्दी घेऊन ऊन-पावसात कोसच्या कोस तुडवणं हे इकडे महारांच्या वाट्याला आलेलं गावकीचं कामच होतं.

बलाईंनी अटी नाकारल्या. मग विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली. सवर्णांच्या जमिनीतून जाण्यालाही मनाई झाली. ज्या बलाईचं शेत चारी बाजूंनी सवर्णांच्या शेतांनी वेढलेलं होतं, त्याला आपल्याच पिकापर्यंत पोचता येईना, आणि त्या उभ्या पिकात दुसऱ्यांची गुरं सोडली गेली. बलाईंनी इंदूर दरबाराकडे अर्ज केले, पण वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेली.

ही हकीकत आज आपल्यापर्यंत पोचली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच न झालेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात त्यांनी बलाईंची ही कहाणी नोंदवून ठेवली. या मुलखाशी त्यांचं नातं जन्माचं होतं. १४ एप्रिल १८९१ रोजी ते याच जिल्ह्यातल्या महूच्या लष्करी छावणीत जन्मले. रस्ता अडवला जाणं म्हणजे काय, हे त्यांनी दहाव्या वर्षीच भोगलं होतं.

ते साल १९०१. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं पाडळी स्टेशनवर आगगाडीत बसली आणि मसूरला उतरली. नवे कपडे, जरीची टोपी, खिशात भाड्याचे पैसे. गाडीत कोणी हटकलं नाही. मसूरला न्यायला मात्र कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. मुलं महारांची आहेत हे कळताच तो मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. शिदोरी सोबत होती, पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचं सांगूनही ते मिळालं नाही. ती रात्र मुलांनी उपाशीच काढली.

रेल्वेचं तिकीट ज्याच्या हातात पैसे त्याला मिळत होतं, स्टेशनच्या फाटकाबाहेर तेच पैसे निरुपयोगी ठरत होते. सरकारी यंत्रणेनं उघडलेलं दार आणि गावानं बंद केलेली वाट यांमधली ही फट शाळेतही तशीच होती. सातारच्या शाळेत भीमरावांना प्रवेश होता. बसायचं मात्र कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा गडीही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसला तर तहान मारायची.

कायद्यानं तेव्हा शाळा सर्वांना खुल्या होत्या, आणि त्याही कितीतरी आधीपासून. जून १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. फी द्यायची तयारी असूनही! त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं उत्तर दिलं की न्याय मुलाच्या बाजूनं आहे, पण एका मुलासाठी जुन्या समजुतींना धक्का दिला तर शाळाच ओस पडेल. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी असल्याचं स्पष्ट केलं. तत्त्व कागदावर आलं, मुलं व्हरांड्यात राहिली.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आणि त्यांचा अभिमान बाळगायला हवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिती झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी काढला. फुल्यांच्या काळी वेगळी शाळा ही क्रांती होती. सत्तर वर्षांनी ती भिंत ठरू लागली होती, हे महाराजांनी ओळखलं. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदे मंडळानं सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. त्या ठरावाची अंमलबजावणी लोकांनाच करावी लागली, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर.

दोन वर्षांनी बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य होते. १९२९मध्ये ते चाळीसगावला उतरले. तिथल्या महारवस्तीवर जायला टांगा हवा होता, पण एकाही टांगेवाल्यानं महाराला बसवून घोडा हाकायची तयारी दाखवली नाही. टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा मिळाला नाही. अखेर वस्तीतल्याच एकानं लगाम धरले. त्याला सवय नव्हती. वाटेतल्या पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मसूरचा गाडीवान आणि चाळीसगावचा टांगेवाला यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षं आणि कोलंबिया, लंडनच्या पदव्या होत्या. त्या पदव्यांचा त्या रस्त्यावर काहीही उपयोग झाला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याशी तुलना इथं उपयोगी पडते. जातीला वंशाचा सिद्धान्त लावणं बाबासाहेबांना मान्य नव्हतं, तरी दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांना दिसत होतं. १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना त्याबद्दल पत्रही लिहिलं. तिथं वेगळेपणा कायद्यातच लिहिलेला होता, म्हणून तो न्यायालयात पाडता आला. १७ मे १९५४च्या ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडली नाही. मग तिथल्या काळ्या नागरिकांनी वर्षाहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला, मैलोन्‌मैल पायी चालून काम केलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बसमधला भेदही रद्द केला.

त्याच वर्षी, १ जून १९५५पासून, भारतात अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू झाला. सार्वजनिक वाहन वा शाळा नाकारणं हा त्यानं गुन्हा ठरवला. फरक असा की माँटगोमेरीत बहिष्कार हे दुर्बळांचं हत्यार होतं, बस कंपनीला त्यांच्या तिकिटाच्या पैशांची गरज होती. इंदूरच्या गावांत बहिष्कार हे जमीनदारांचं हत्यार होतं. विहीर, चराई आणि रस्ता ज्याच्या हातात, त्याला बलाईच्या पैशांची गरज नव्हती. वेठ मात्र हवी होती. आपल्याकडे नुसत्या कायद्यानं का भागलं नाही, याचं उत्तर जमिनीच्या या मालकीत आहे.

बिचोली हप्सी आणि बिचोली मर्दाना आज इंदूर शहराचा भाग झाल्या आहेत. आसपासच्या माळव्यात मात्र रस्त्याचा वाद मिटलेला नाही. मे २०१५मध्ये रतलाम जिल्ह्यातल्या नेगरून गावात घोड्यावरून निघालेल्या दलित नवरदेवाला दगडफेकीमुळे हेल्मेट घालावं लागलं आणि वरात पोलिसांच्या बंदोबस्तात न्यावी लागली. एप्रिल २०१७मध्ये आगर-माळवा जिल्ह्यातल्या माना गावात दलितांनी लग्नात बँड वाजवल्यानंतर त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतलं गेलं. १९२८च्या यादीत बलाईंनी दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवावं अशी सक्ती होती, आता स्वतःच्या वरातीत वाजवण्याची किंमत मोजावी लागली. एका दिवसाच्या बंदोबस्तानं हे थांबणार नाही. शेताकडे जाणाऱ्या वाटा महसुली नकाशावर नोंदल्या जायला हव्यात, गावच्या विहिरी पंचायतीच्या ताब्यात राहायला हव्यात आणि वाळीत टाकणाऱ्यांवर गुन्हा त्याच आठवड्यात दाखल व्हायला हवा. बलाईंचे अर्ज दरबारात पडून राहिले, तेवढ्या काळातच शेकडो कुटुंबं गाव सोडून गेली होती.