पूरग्रस्तांचा निधी आणि पर्यटन-व्यवसायाचे ऋण

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळमध्ये आलेल्या महापुराने चारशेहून अधिक बळी घेतले. पुराचा जोर असताना लक्षावधी माणसे मदत-छावण्यांत आश्रयाला होती. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत पुनर्बांधणीचा खर्च सुमारे ३१ हजार कोटी रुपये ठरला. एवढ्या मोठ्या हानीपुढे सरकारी तिजोरी अपुरी पडणारच. म्हणून अशा वेळी व्यापारी संस्थांनी निधी उभारणे स्वागतार्हच होय. पण त्यांत प्रवासी कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. आलप्पुळाचे जलमार्ग आणि मुन्नारचे डोंगर हेच ज्यांचे भांडवल, त्यांनी केरळला केलेले साहाय्य हे दान कितपत आणि ऋणाची परतफेड कितपत, हे तपासून पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न, पैसा कोणाचा? कंपनीने आपल्या नफ्यातून दिलेली रक्कम आणि तिकिटाबरोबर प्रवाशांकडून गोळा केलेली वर्गणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातीत त्यांची एकत्र बेरीज झाली, की प्रवाशाच्या पैशाचे पुण्य कंपनीच्या खात्यावर जमा होते. प्रवाशांचा पैसा कंपनीकडे केवळ विश्वस्त म्हणून असतो. किती रक्कम जमली, ती कोणत्या निधीत आणि कोणत्या दिवशी भरली, याचा स्वतंत्र हिशेब जाहीर करणे हे तिचे किमान कर्तव्य ठरते.

दुसरा प्रश्न संमतीचा. याच पुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले. मात्र ज्यांना द्यायचे नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट घातली. उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. 'नाही' म्हणण्याची नामुष्की पत्करायला लावून मिळविलेला होकार हा खरा होकार नव्हे. जो न्याय सरकारला, तोच कंपनीला. ग्राहकाला न विचारता देयकात देणगीची रक्कम मिळविणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरविला आहे, तो उचितच होय.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. पूर घरे आणि रस्ते पाडतो, तशीच मिळकतही बुडवितो. पडलेल्या घराचा पंचनामा होतो. न आलेल्या पर्यटकाचा होत नाही. केरळच्या उत्पन्नाचा सुमारे दशांश पर्यटनाशी निगडित मानला जातो. २०१८ मध्ये मे महिन्यात निपाह रोगाची भीती पसरली आणि ऑगस्टमध्ये पूर आला. कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद राहिला, नेहरू करंडक नौकास्पर्धा नोव्हेंबरवर गेली, आणि बारा वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीच्या हंगामावर बांधलेली मुन्नारची आशा मावळली. हाउसबोटीवरील आचारी, भाड्याची मोटार चालविणारा, छोट्या निवासाची मालकीण यांच्या हाती शिधा पडला तरी रोजगार परत येत नाही.

येथे प्रवासी कंपनी जे करू शकते, ते इतर देणगीदारांना साधणारे नाही. सहली रद्द करण्याऐवजी प्रवाशांच्या संमतीने त्या पुढे ढकलणे, स्थानिक व्यावसायिकांना पुढील हंगामाची आगाऊ रक्कम देणे, आणि कोणता भाग सुरक्षित आहे व कोणता नाही हे ग्राहकांना सचोटीने सांगणे, हे तिच्या हाती आहे. मदतकार्य चालू असताना तेथे पर्यटक नेणे गैरच. पण रस्ते मोकळे झाल्यावरही भीतीपोटी प्रदेशाकडे पाठ फिरविणे ही त्याच्यावर कोसळलेली दुसरी आपत्ती होय.

त्या पुरात केरळच्या हजारो मच्छीमारांनी आपल्या नावा बुडालेल्या गावांत नेल्या आणि माणसे वाचविली. त्यांच्याजवळ देण्यासाठी पैसा नव्हता; जे साधन आणि जे कौशल्य होते, ते त्यांनी दिले. प्रवासी कंपन्यांचे कौशल्य माणसांना इष्ट स्थळी पोहोचविण्याचे आहे. त्यांच्या निधीची रक्कम वर्तमानपत्रांत छापून येईल. परंतु पुढल्या हंगामात त्यांनी पूरग्रस्त प्रदेशात किती प्रवासी नेले, या आकड्यावरूनच त्यांच्या सहानुभूतीचे खरे मोल ठरेल.