कुकला न दिसलेली सामुद्रधुनी

नकाशासंग्रहात उत्तर अमेरिकेचे पान उघडा. पश्चिम किनाऱ्यावर ४९° उत्तर अक्षवृत्ताच्या थोडे खाली बोट ठेवा. तेथे पॅसिफिक महासागराची एक पट्टी सरळ पूर्वेकडे जमिनीत शिरलेली दिसेल. तिच्या उत्तरेस कॅनडाचे व्हँकूव्हर बेट आहे, तर दक्षिणेस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक द्वीपकल्प. हीच हुआन दे फुका सामुद्रधुनी. लांबी सुमारे १५० किलोमीटर, रुंदी वीस किलोमीटरांच्या आसपास. आणि तिच्या मधोमध या दोन देशांची सीमारेषा जाते.

एवढे रुंद तोंड कोणाच्या नजरेतून सुटेल, असे तुम्हांला वाटणार नाही. पण ते सुटले, आणि तेही कॅप्टन जेम्स कुकसारख्या दर्यावर्दीच्या नजरेतून!

२२ मार्च १७७८ रोजी कुक या किनाऱ्याने उत्तरेकडे चालला होता. पुढे एक भूशिर दिसले. त्याच्याजवळ बंदर असावे अशी आशा वाटली, पण ती फोल ठरली. म्हणून त्याने त्याला 'केप फ्लॅटरी', म्हणजे आशा लावून फसविणारे भूशिर, असे नाव दिले. मग रात्र पडली, वादळी हवा सुरू झाली आणि जहाजे खोल समुद्रात न्यावी लागली. पुन्हा किनारा गाठला तो बराच उत्तरेस, नूटका येथे. मधला भाग पाहायचा राहूनच गेला. तरीही कुकने रोजनिशीत लिहिले, की जुने भूगोलकार म्हणतात ती हुआन दे फुकाची सामुद्रधुनी इथे दिसली नाही आणि तसे काही असण्याचा संभवही नाही! 'दिसली नाही' येथेच तो थांबला असता, तर त्याचे काही चुकले नसते.

हा फुका कोण? मूळचा ग्रीक, स्पेनच्या नोकरीतला खलाशी. १५९६ मध्ये व्हेनिस येथे त्याने मायकेल लॉक या इंग्रज व्यापाऱ्याला सांगितले, की १५९२ साली मेक्सिकोहून निघून आपल्याला ४७ आणि ४८ अक्षांशांच्या दरम्यान एक रुंद जलमार्ग सापडला. तोंडाशी खांबासारखा उंच सुळका आहे. आत आपण वीस दिवसांहून अधिक प्रवास केला. तेथे सोने, चांदी, मोती आहेत. ही हकीकत १६२५ मध्ये छापली गेली. स्पेनच्या दप्तरांत अशा सफरीची नोंद मात्र सापडलेली नाही. सोन्यामोत्यांची गोष्ट तर उघड थाप दिसते. पण खरे तोंड त्याने सांगितलेल्या जागेपासून अर्धा-एक अंशावरच आहे, आणि केप फ्लॅटरीजवळ तसा सुळकाही आहे. फक्त त्याने सांगितलेल्या बाजूला नाही. फुका खरोखर तेथे गेला होता का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. माझ्या मते, एका थापेसाठी सगळी संशयास्पद हकीकत टाकून द्यायची घाई करू नये, एवढेच.

अर्थात, केप फ्लॅटरीला राहणाऱ्या मकाह लोकांना या पाण्याचा 'शोध' लावायचाच नव्हता. देवदाराच्या खोडातून कोरलेल्या होड्यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या येथे देवमाशांची शिकार करीत होते.

कुकच्या माणसांनी नूटकाला घेतलेली समुद्री ऊदमांजराची कातडी चीनमध्ये भरमसाट किमतीला विकली गेली, आणि व्यापारी तिकडे धावले. त्यात आपली मुंबईही होती! डिसेंबर १७८५ मध्ये 'कॅप्टन कुक' आणि 'एक्सपेरिमेंट' ही दोन जहाजे मुंबईहून निघून पुढील वर्षी नूटकाला पोचली. जाताना त्यांनी जॉन मॅके नावाचा एक माणूस तेथे मागे ठेवला. १७८७ मध्ये चार्ल्स बार्कली आला, तेव्हा स्थानिक भाषा शिकलेला हा मॅके त्याच्या उपयोगी पडला. बार्कलीबरोबर त्याची सतरा-अठरा वर्षांची पत्नी फ्रान्सेसही होती. दक्षिणेकडे जाताना त्यांना ते रुंद तोंड समोर दिसले. बार्कलीने जुनी हकीकत आठवून त्याला फुकाचेच नाव दिले.

नकाशा काढण्याचे काम पुढे स्पॅनिश मानुएल किम्पेर याने १७९० मध्ये आणि इंग्रज जॉर्ज व्हँकूव्हर याने १७९२ मध्ये केले. गंमत अशी, की कुकच्या त्या सफरीत व्हँकूव्हर स्वतः शिकाऊ अधिकारी होता! मोठी जहाजे नांगरून ठेवून त्याची माणसे वल्ह्यांच्या होड्यांतून किनारा धरून हिंडली आणि दोरीला शिसे बांधून खोली मोजत गेली. शेवटी कळले, की हे पाणी उत्तरेस वळून पुन्हा महासागरालाच मिळते. खंड ओलांडून अटलांटिकला जाणारी वाट येथे नव्हती.

सामुद्रधुनीच्या तोंडाशी खोली दोनशे मीटरांहून अधिक आहे. गेल्या हिमयुगात सुमारे किलोमीटरभर जाडीच्या बर्फाने पश्चिमेकडे सरकताना ही दरी खरवडली. बर्फ वितळले, समुद्र आत आला. आजही येथे एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात. फ्रेझर नदीचे गोडे पाणी मिसळून हलके झालेले पाणी वरून महासागराकडे जाते; खाली जड, खारे, थंड पाणी आत येते. या खालच्या पाण्याबरोबर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर येथील प्लवक, मासे आणि देवमासे पोसले जातात.

आता सीमेकडे वळू. १८४६ च्या तहात ब्रिटन व अमेरिका यांनी ठरविले, की सीमा ४९° अक्षवृत्तावरून समुद्रापर्यंत यावी, तेथून खंड व व्हँकूव्हर बेट यांमधील जलमार्गाच्या मध्यातून दक्षिणेस वळावी आणि पुढे फुकाच्या सामुद्रधुनीतून महासागरास जावी. पण त्या जागी जलमार्ग एक नव्हता! मध्ये सान हुआन बेटांचा पुंजका आहे. त्याच्या पश्चिमेस हारो आणि पूर्वेस रोझारिओ. बेटे कोणाची? १५ जून १८५९ रोजी लायमन कटलर या अमेरिकनाने बटाटे उकरणारे एक डुक्कर गोळी घालून मारले. डुक्कर ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचे होते. दोन्हीकडून सैनिक आणि तोफा आल्या. सुदैवाने त्या डुकराखेरीज कोणी मेले नाही. बारा वर्षे दोन्ही सैन्ये एकाच बेटाच्या दोन टोकांना तळ ठोकून होती. अखेर १८७२ मध्ये जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याने लवाद म्हणून हारोच्या बाजूने निर्णय दिला, आणि बेटे अमेरिकेकडे गेली.

१९७९ पासून जहाजांवर देखरेख ठेवण्याचे काम दोन्ही देशांनी वाटून घेतले आहे. सामुद्रधुनीत कॅनडाच्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजालाही अमेरिकेतील सिॲटलचे केंद्र रेडिओवरून सूचना देते. तेच जहाज हारोकडे वळले, की सूचना येतात त्या कॅनडाच्या केंद्रातून, मग ते सीमेच्या कोणत्याही बाजूला असो.