चहा तोडायचा नाही, जेवणापासून लांब न्यायचा



गटाची बैठक असो, बँकेतून आलेल्या साहेबांची भेट असो की शेजारणीचं सुखदुःख असो, चहाशिवाय आपलं पान हलत नाही. चहा म्हणजे आपल्याकडे आदर. म्हणून "चहा वाईट, उद्यापासून बंद" असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. असं सांगून कुणी ऐकतही नाही. पण आपल्यापैकी कितीतरी जणींचं रक्त कमी आहे, आणि त्यात चहाचाही थोडा हात आहे. तो कसा, आणि चहा कमी करायचा तर डोकं न दुखता कसा करायचा, ते आज समजून घेऊ.

रक्त आणि चहा यांचं काय नातं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल सांगतो, की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५४ जणींना रक्तक्षय आहे. म्हणजे १२ जणींचा गट धरला तर त्यातल्या सहा-सात जणी. दम लागणं, चक्कर येणं, पायात गोळे येणं, कामात जीव न लागणं याला आपण "बाईच्या जातीला हे असायचंच" म्हणतो. ते असायचंच नसतं. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदरपणी निदान ११ हवं.

रक्त तयार व्हायला लोह लागतं. ते आपल्याला बाजरी, डाळी, हरभरा, मटकी, मेथी, शेवग्याचा पाला, अळीव यांतून मिळतं. पण पोटात गेलेलं सगळं लोह अंगाला लागत नाही. त्यातलं थोडंच आतड्यातून रक्तात जातं. चहात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. कोरा चहा पिताना जीभ आकसते ना, ती त्यानेच. हे टॅनिन जेवणातल्या लोहाला पोटातच धरून ठेवतं. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर त्या जेवणातलं अंगाला लागणारं लोह निम्म्यानेही कमी होऊ शकतं. मेथीची भाजी आपण निवडली, धुतली, शिजवली, खाल्ली, आणि वरून चहा पिऊन तिचा निम्मा फायदा घालवला!

आता आपली सकाळ आठवा. चहा-चपाती, चहा-बटर, चहा-खारी. पोरांनाही तेच. पोट भरतं, पण चपातीतलं लोह चहाबरोबर वाया जातं.

लाल गोळी आणि चहाचा घोट

"ताई, गोळ्या खाल्ल्या तरी रक्त वाढत नाही," असं बऱ्याच जणी म्हणतात. अशा वेळी आशाताई किंवा सिस्टरनी एक प्रश्न नक्की विचारावा : गोळी कशाबरोबर घेता? गोळीने मळमळतं म्हणून कितीतरी जणी ती चहाबरोबर गिळतात. मग गोळीतलं लोहही तसंच अडकतं.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून रोज एक याप्रमाणे १८० दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवसांच्या. त्या अशा घ्या :

- रात्री जेवणानंतर साधारण तासाभराने घ्या. झोपायच्या आधी घेतली की मळमळही कमी जाणवते.
- साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. लिंबू, आवळा, पेरू यांच्यामुळे लोह अंगाला जास्त लागतं.
- चहा, कॉफी आणि दूध या गोळीबरोबर नको. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या.
- शौचाला काळी झाली तर घाबरू नका, गोळी बंद करू नका.

भूक मारणारा चहा

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. खुरपणीला, कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे उठते, सगळ्यांचे डबे करते, आणि स्वतः कपभर गोड चहावर शेत गाठते. पहिला घास पोटात पडतो तो दुपारी. चहातल्या साखरेने आणि कॅफिनने तेवढ्यापुरती तरतरी येते, भूक दबते. पण त्यातून अंगाला ताकद मिळत नाही. अशा बाईला "चहा सोड" म्हणण्याआधी "घरातून निघताना अर्धी भाकरी खा" म्हणायला हवं. कोरडी भाकरी, मूठभर शेंगदाणे, गूळ-फुटाणे, काहीही चालेल. आधी खाणं आणि तासाभराने चहा.

सोडला की डोकं का ठणकतं?

दिवसभर काम केलं की मेंदूत थकव्याचा निरोप देणारा एक पदार्थ साठत जातो. चहातलं कॅफिन त्या निरोपाची वाट अडवून धरतं, म्हणून थकवा जातो असं वाटतं. जात काहीच नाही, नुसता लपतो. रोज चार-पाच वेळा चहा घेणाऱ्या अंगाला त्याची सवय लागते. चहा एकदम तोडला की १२ ते २४ तासांत डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप येते, काम सुचत नाही. पहिले दोन दिवस त्रास जास्त असतो, आठवड्याभरात तो बहुतेक ओसरतो. उपवासाच्या दिवशी डोकं दुखतं त्यातही उपाशी पोटाइतकाच चुकलेल्या चहाचाही वाटा असू शकतो.

हा आजार नाही. पण म्हणूनच एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. आणि हो, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, तेव्हा चहा सोडून रोज गोळी सुरू केली असं व्हायला नको.

चार आठवड्यांची रीत

पहिला आठवडा : काहीच कमी करू नका, फक्त मोजा. घरचा, शेजारचा, बैठकीतला, पातेल्यात उरला म्हणून प्यायलेला, सगळा धरा. चुलीजवळच्या भिंतीवर खडूने रेघा मारा.

दुसरा आठवडा : कप तेवढेच ठेवा, वेळ बदला. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहाराच्या सूचनांत हेच सांगितलं आहे. गोळी आणि चहा यांतही अंतर ठेवा.

तिसरा आठवडा : एक कप कमी करा. दुपारी चारनंतरचा चहा आधी सोडा. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. रात्री डोळा लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे करून बघाच.

चौथा आठवडा : उरलेल्या कपांत पावडर थोडी कमी, साखर अर्धी. दोन चमचे साखरेचे चार कप रोज घेतले तर एकटीची महिन्याची साखर सव्वा किलोच्या आसपास जाते! घरात साखरेचा आजार असेल तर हा हिशोब आधी करा.

वर सांगितलेल्या सूचनांत दिवसाचं कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. १५० मिलिलिटरच्या एका कप चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे कडक चहाचे पाच कप झाले की आपण मर्यादेला टेकलो. गरोदर बाईने त्याहून बरंच कमी, दिवसाला एक-दोन कपांवर थांबलेलं बरं. लहान मुलांना तर चहा नकोच.

पाहुण्यांचं काय?

"चहा नको" म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं, हे खरंच आहे. मग असं म्हणा, "चहा नको काकू, तुमच्या हातचं ताक द्या." मान राहतो आणि चहाही टळतो. आपल्या घरी लिंबू सरबत, आमसुलाचं सरबत, किंवा पावडर न टाकता आलं-गवती चहा उकळून देता येतो. हवा असतो तो हातात गरम पेला आणि दोन शब्द. त्याला पावडर लागतेच असं नाही.

पुढच्या बैठकीत हे करा

- प्रत्येकीने आपल्या आठवड्याच्या रेघा सांगाव्या. कुणाला हसू नये.
- उपकेंद्रात जाऊन सगळ्या जणींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि आकडा लिहून ठेवावा. १२ च्या खाली असेल तर सिस्टरना विचारून गोळ्या सुरू कराव्या. फार कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावंच. नुसता चहा कमी करून तो आकडा भरून निघत नाही.
- एका बैठकीत चहाऐवजी गूळ-शेंगदाणे आणि लिंबू सरबत ठेवून बघा.
- तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आपण हप्त्याचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा, त्यात प्रत्येकीच्या रक्ताचा आकडा लिहा, आणि तो वाढतोय की नाही तेही तितक्याच काटेकोरपणे बघा.