सहमतीची पूर्वतयारी : नागपूर, दिल्ली आणि मेंढा

आंतरराष्ट्रीय परिषदेचा मान एखाद्या शहरास लाभला, की त्याची तयारी प्रथम रस्त्यांवर दिसू लागते. २० ते २२ मार्च २०२३ या दिवसांत नागपूर येथे ‘सिव्हिल-२०’ या गटाची प्रारंभिक परिषद भरली, तेव्हाही भिंती रंगल्या व चौक दिव्यांनी उजळले. ही तयारी परिषदेच्या स्थळाची होय. परिषदेत व्हावयाच्या निर्णयाची तयारी निराळी असते व ती सहसा दृष्टीस पडत नाही. तिचे स्वरूप जाणून घेण्यास गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एका लहानशा गावाचे उदाहरण उपयोगी पडते.

‘जी-२०’ गटाचे अध्यक्षपद १ डिसेंबर २०२२ पासून एक वर्ष भारताकडे होते. त्या प्रारंभी गटात १९ राष्ट्रे व युरोपीय संघ यांचा समावेश होता. येथे मतदान होत नाही. घोषणापत्र सर्वसहमतीनेच स्वीकारले जाते. साहजिकच राष्ट्रप्रमुख एकत्र येण्यापूर्वीच मसुद्यातील शब्दाशब्दावर वाटाघाटी व्हाव्या लागतात. हे काम करणाऱ्या प्रतिनिधीस, हिमालयातील वाटाड्यांवरून, ‘शेर्पा’ म्हणतात. त्या वर्षी सुमारे ६० शहरांत २०० हून अधिक बैठका झाल्या. नागपूरची परिषद नागरी संघटनांची होती. या गटास निर्णयाचा अधिकार नसतो. तो शिफारशी करतो. त्याची शिखर परिषद जुलै २०२३ च्या अखेरीस जयपूर येथे झाली.

स्थळाची तयारी पुरेशी नसते, हे त्याच वर्षी दिसून आले. फेब्रुवारीत बंगळूर येथे अर्थमंत्र्यांची व मार्चमध्ये दिल्ली येथे परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. युक्रेनयुद्धाविषयीच्या मजकुरावर एकमत न झाल्याने दोन्ही वेळी संयुक्त निवेदनाऐवजी अध्यक्षांचा सारांश प्रसिद्ध करावा लागला. ९ सप्टेंबर रोजी दिल्लीच्या शिखर परिषदेत मात्र घोषणापत्र सर्वसहमतीने संमत झाले. यजमानाच्या व्यवस्थेत दोन्ही वेळी उणीव नव्हती. मधल्या काळात मसुदा बदलला होता.

गडचिरोली-धानोरा मार्गावरील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव. येथील ग्रामसभाही बहुमताने निर्णय करीत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही येथील घोषणा सुपरिचित आहे. तिच्यामागील कार्यपद्धती तितकी परिचित नाही. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांच्या सहवासात येथे अभ्यासगटाची प्रथा रुजली. अभ्यासगट माहिती मिळवतो, कायदा समजावून घेतो, शंका काढतो. परंतु निर्णय करीत नाही. निर्णय ग्रामसभेचाच. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. या यशामागे अभ्यासाची दीर्घ परंपरा होती.

शेर्पा आणि अभ्यासगट यांचे काम एका जातीचे असले, तरी त्यांत एक मूलभूत भेद आहे. शेर्पांच्या वाटाघाटी बंद दाराआड होतात, व त्यांतून निघालेले घोषणापत्र कायद्याने बंधनकारक नसते. अभ्यासगटात कोणासही बसता येते, आणि ग्रामसभेचा निर्णय ज्यांनी केला त्यांनाच तो पाळावयाचा असतो. त्यामुळे न समजता दिलेल्या संमतीची किंमत गावास स्वतःच मोजावी लागते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. या दोन्ही जिल्ह्यांत वनजमिनीच्या अन्य वापराचे प्रस्ताव ग्रामसभांपुढे येत असतात. अशा सभेचे इतिवृत्त अभ्यासताना उपस्थितांची संख्या व ठरावाखालील सह्या पाहून भागणार नाही. प्रस्तावाचा मसुदा गावास सभेपूर्वी किती दिवस मिळाला, गोंडी वा माडिया बोलणाऱ्यांना तो कोणत्या भाषेत समजावून सांगण्यात आला, आणि चर्चेनंतर त्यातील एखादा तरी शब्द बदलला काय, हेही तपासावयास हवे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर त्या ठरावास सहमती म्हणण्यापूर्वी संशोधकाने थांबून विचार करणे अगत्याचे आहे.